गालिच्याची रुजवात

वन्संनी सोफ्याच्या हातावर नखाने टक् टक् केलं आणि म्हणाल्या, "लेदरसारखंच वाटतं हो अगदी."

एवढंच. मग त्यांनी चहा घेतला, साखर कमी पडल्याचं सांगितलं, भावाचं पोट सुटलंय हे भावजयीच्या नजरेला आणून दिलं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा चक्कर टाकते म्हणून निघाल्या. वन्सं, म्हणजे नक्कलबाईंच्या यजमानांची थोरली बहीण, तशी वाईट बाई नव्हे. जुन्या सर्दीने त्यांचं नाक वास घ्यायच्या कामाचं राहिलं नव्हतं. मुरडण्यापुरतं मात्र ठणठणीत होतं. जाताना त्यांनी पर्स आठवणीने घेतली, छत्री आठवणीने घेतली, आणि ते "सारखंच" तेवढं सोफ्यावर विसरून गेल्या. ते तिथेच बसून राहिलं.

त्या दिवशी नक्कलबाईंनी आपलं घर प्रथमच परक्या नजरेने पाहिलं. लेदरसारखा सोफा. सागवानासारखं टेबल. संगमरवरासारखी फरशी, रेशमासारखे पडदे, आणि फुलदाणीत फुलांसारखी फुलं, ज्यांना दर रविवारी ओल्या फडक्याने पुसावं लागे. यजमानांचे केससुद्धा काळ्यासारखे होते. अस्सल म्हणावं असं घरात काय होतं, तर सांधेदुखी.

नक्कलबाई हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते कचेरीने दिलेलं. सव्वीस वर्षं त्या नक्कल विभागात होत्या. लोक जुने दाखले, खरेदीखतं, निकाल घेऊन येत; मूळ कागद आणि त्याची नक्कल शेजारी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहायचं, 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचा आणि खाली सही. झेरॉक्सचं यंत्र यायच्या आधी नकला हातानेच लिहीत. तेव्हा एकाने मूळ मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने नकलेवरून बोट फिरवत प्रत्येक शब्दाला "हूं" म्हणायचं. याला रुजवात म्हणतात. "हूं" म्हणणारा चुकला की सगळंच चुकलं. सव्वीस वर्षांत नक्कलबाईंच्या शिक्क्याखालून एक खोटं अक्षर गेलेलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढाच त्या टोपणनावाचा राग होता. बाहेरही नक्कल आणि घरातही नक्कलच, हे काही बरोबर नव्हे.

"अहो," त्या संध्याकाळी म्हणाल्या, "आपण गालिचा घ्यायचा. अस्सल. इराणी."

यजमानांना घरात सगळे अहोच म्हणत, म्हणजे नक्कलबाई म्हणत, कारण घरात तिसरं कुणी नव्हतं. अहो निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यामुळे कुठल्याही बातमीवर त्यांचा हात आधी खिशातल्या टेपकडे जाई. आताही गेला.

"किती बाय किती?" त्यांनी विचारलं.

गालिचाच का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, कारण त्याचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. वन्संच्या हॉलमध्ये अस्सल इराणी गालिचा होता. तेवीस वर्षं त्याच्यावर कुणाचा पाय पडलेला नव्हता. पाहुणे भिंतीला धरून, पोट आत घेऊन, गालिच्याला वळसा घालून सोफ्यापर्यंत पोचत, आणि पोचले की वन्सं म्हणत, "अस्सल आहे ना, म्हणून."

तर पंधरा दिवस हातात होते.

बातमी बिल्डिंगमध्ये फुटायला दीड दिवस लागला. वरच्या मजल्यावरचे कस्टमकाका सर्वांत आधी खाली आले. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या बॅगा उपसल्या होत्या आणि अजूनही कुणाच्या हातात पिशवी दिसली की त्यांची बोटं वळवळत. ते नक्कलबाईंना वहिनी म्हणत आणि नक्कलबाई त्यांना काका. नात्याची बेरीज आमच्याकडे कुणी करत नाही.

"वहिनी, शंभरात नव्वद खोटे असतात," काका बसता बसता म्हणाले. "उरलेल्या दहांतले आठ मी स्वतः पकडलेत."

"आणि दोन?"

"ते सुटले."

मग त्यांनी परीक्षा सांगितल्या. गालिचा पहिला उलटा करायचा. पुढून दिसतं ते चित्र पाठीवर तितकंच स्वच्छ दिसलं पाहिजे. मग ओला रुमाल घासायचा. रंग उतरता कामा नये. आणि शेवटची, रामबाण: एक पुंजका उपटून काडी लावायची. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. प्लास्टिकचा धागा असेल तर वितळून मणी होतो. हे पटावं म्हणून काकांनी तिथल्या तिथे सोफ्याचा एक दोरा काढून जाळला. त्याचा चांगला मुगाएवढा काळा मणी झाला आणि घरभर बादली जळल्यासारखा वास सुटला. नक्कलबाईंनी खिडक्या उघडल्या आणि त्यांचा निश्चय आणखी घट्ट झाला.

पहिल्या दुकानात टाय घातलेला विक्रेता होता. त्याने गालिच्यावर हात फिरवत सांगितलं, "मॅडम, शंभर टक्के पर्शियन. आणि मशीनमध्ये धुता येतो." नक्कलबाईंनी काडेपेटी काढली तेव्हा त्याने सुरक्षारक्षकाला हाक मारली. दुसऱ्या दुकानात गालिचा उलटा करून बघू दिला नाही. तिसऱ्यात उलटा करून दिला, तर पाठीला चक्क रबर होतं. घरी येताना अहो म्हणाले, "रबराचं बरं असतं, घसरत नाही." त्यावर नक्कलबाई पुढचे तीन चौक त्यांच्या दहा पावलं पुढे चालल्या.

चौथं दुकान एका गल्लीच्या टोकाला, कुलुपं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी होतं. त्यात काउंटर नव्हता, खुर्ची नव्हती. गालिच्यांच्या थप्प्या होत्या आणि सर्वांत ठेंगण्या थप्पीवर एक म्हातारा गालिचेवाला गुडघे चोळत बसला होता. तो उठला नाही.

"बसा ताई," तो म्हणाला.

"आधी बघते."

"गालिचा बघून कळत नाही. बसून कळतो."

नक्कलबाई बसल्या नाहीत. तपासल्याशिवाय कशावर टेकायचं नाही ही त्यांची सव्वीस वर्षांची सवय. त्यांनी सतरा गालिचे उलटे केले. रुमाल घासून घासून फाटला. शेवटी एका गालिच्यापाशी मात्र त्या थांबल्या. विटकरी जमीन, कडेने निळ्या फुलांची वेल, आणि मधल्या झाडाच्या दोन बाजूंना दोन हरणं, एकमेकांकडे बघणारी. भांडण झाल्यावर आधी कोण बोलतंय याची वाट बघणाऱ्या नवराबायकोसारखी.

"हा," नक्कलबाई म्हणाल्या.

"आठ दिवस घरी नेऊन ठेवा," गालिचेवाला म्हणाला. "नाही पटला तर परत आणा. पैसे मग."

एवढा विश्वास पाहून नक्कलबाईंना संशय आला, पण अहोंनी तोवर माप घेऊन टाकलं होतं.

गालिचा गुंडाळून, धूळ लागू नये म्हणून पांढऱ्या चादरीत बांधून, पुढे अहो आणि मागे कस्टमकाका अशी खांद्यावरून मिरवणूक निघाली. नक्कलबाई मागून, गालिच्याकडे लक्ष ठेवायचं म्हणून मान खाली घालून चालत होत्या. कोपऱ्यावर एक सायकलवाला उतरून उभा राहिला. पानाच्या टपरीवरच्या दोघांनी रेडिओ बंद केला. बिल्डिंगच्या दारात समोरच्या शिवणमावशी भेटल्या. मावशी घरी कपडे शिवत आणि त्यांच्या तोंडात कायम टाचण्या असत, त्यामुळे त्या ओठांच्या एका कोपऱ्यातूनच बोलत.

"कधी झालं?" त्यांनी कोपऱ्यातून विचारलं.

"आत्ताच. आठ दिवस बघू म्हणालेत," अहो धापा टाकत म्हणाले.

मावशींच्या तोंडातल्या दोन टाचण्या पडल्या.

घरात गालिचा पसरला तेव्हा अहोंचं माप बोटभरही चुकलेलं नव्हतं. चुकली होती ती जाडी. मोजणीदाराला लांबी-रुंदी कळते, जाडीशी त्याचा संबंध येत नाही. जमीन कितीही जाड असली तरी कुणाची तक्रार नसते. तर दार गालिच्याला अडलं आणि अर्धंच उघडू लागलं. अहोंनी करवत काढली. नक्कलबाईंनी करवत परत ठेवली. तेव्हापासून येणारा माणूस आडवा होऊन आत येई, आणि आडवा आत आलेला माणूस सरळ बोलत नाही, असा अनुभव आहे.

पहिल्या दिवशी कस्टमकाकांनी एक पुंजका उपटला. "कोपऱ्यातला घेतो, सोफ्याआड, दिसणार नाही." काडी लावली. केस जळल्याचा वास आला, राख चुरली. नक्कलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काका म्हणाले, धुराने आलं असेल.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. काकांचं नाक त्यांना भरवशाचं वाटत नव्हतं. मग शिवणमावशी आल्या. त्यांना विणीची माहिती होती, त्यांनी दोन पुंजके घेतले, एक जाळायला आणि एक तोंडात धरायला. सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि त्यांनी आग लागण्याच्या दृष्टीने चाचणी करणं नियमात बसतं असं सांगून एक पुंजका घेतला, त्याची पावती मात्र दिली नाही. दातांचे डॉक्टर आले, त्यांनी चिमटा स्वतःचा आणला. जो येई तो नाकाशी राख धरून डोळे मिटून म्हणे, "केसच," आणि चहा पिऊन जाई. सगळी माणसं समजूतदार. प्रत्येकाने पुंजका दिसणार नाही अशाच ठिकाणचा घेतला, म्हणजे सोफ्याआडच्या त्याच कोपऱ्यातला.

पण वन्सं नुसत्या वासावर विश्वास ठेवणार नाहीत, त्यांना मुळात वासच येत नाही, हे नक्कलबाईंच्या चौथ्या दिवशी लक्षात आलं. कागद हवा. गालिचेवाल्याने गालिच्याबरोबर एक पत्र दिलं होतं, इराणातल्या व्यापाऱ्याचं, गोल शिक्क्याचं. नक्कलबाईंनी ते उजेडात धरलं. झेरॉक्स होती. आणि तिच्यावर खरी नक्कल असल्याचा शिक्का नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गालिचेवाल्याकडून मूळ पत्र मागून आणलं आणि कचेरीत आपल्याच विभागाच्या खिडकीपुढे, रांगेत उभ्या राहिल्या. स्वतःच्या कागदावर स्वतः शिक्का मारायचा नाही हा नियम त्यांनीच भिंतीवर लावलेला होता. खिडकीत त्यांच्या हाताखाली तयार झालेला कारकून होता. त्याने मूळ बघितलं, नक्कल बघितली, चष्मा पुसला.

"मॅडम, हे कुठल्या लिपीत आहे?"

"फारसी."

"आपल्याला येते?"

"नाही."

"मला पण नाही," कारकून हळू आवाजात म्हणाला. "मॅडम, तुम्हीच शिकवलंय. जे वाचता येत नाही त्याला खरं म्हणायचं नाही. अधिकृत भाषांतर आणा."

"अरे, चित्र म्हणून जुळवून बघ की."

"तेही तुम्हीच शिकवलंय, मॅडम. चित्र म्हणून नाही बघायचं."

मागे रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बाई, नियम सगळ्यांना सारखा." नक्कलबाई बाजूला झाल्या. आपण माणूस किती उत्तम तयार केला याचा अभिमान वाटावा की त्याचा कान पिळावा, हे त्यांना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही. अधिकृत भाषांतरकाराची चौकशी केली तर तो दीड महिना रजेवर होता.

कोणतीही शहाणी बाई इथे थांबली असती. नक्कलबाईंनी पदर खोचला.

"कागद नाही तर नाही," त्या अहोंना म्हणाल्या. "आपण गालिच्याचीच रुजवात घेऊ."

विचार सरळ होता. गालिच्याचा डावा अर्धा आणि उजवा अर्धा हे आरशातल्यासारखे सारखे. म्हणजे एक मूळ आणि दुसरी नक्कल. एकाने डावा वाचायचा, दुसऱ्याने उजव्यावर बोट ठेवायचं. अहोंनी पट्टी लावून, दोरा ताणून, अर्ध्या अर्ध्या इंचाच्या रांगा पाडल्या आणि पालथे पडून वाचायला सुरुवात केली.

"तीन निळे, एक पांढरा, दोन विटकरी."

"हूं."

"पान हिरवं, देठ तपकिरी."

"हूं."

दोन दिवस हे चाललं. अहोंना निवृत्तीनंतर इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली तफावत सापडली: डावीकडच्या हरणाला शिंगं दोन, उजवीकडच्याला एक. संध्याकाळी दुसरी: वेलीतलं चौदावं फूल डावीकडे निळं, उजवीकडे हिरवं. नक्कलबाईंनी वहीत नोंद केली. त्यांच्या धंद्यात एक अक्षर चुकलं तरी नक्कल बाद, आणि इथे तर शिंग गायब होतं.

कस्टमकाका आडवे होऊन आत आले. "चूक आहे म्हणजे हाताचा आहे. मशीन चुकत नाही," ते म्हणाले. नक्कलबाईंचा चेहरा खुलला. मग काकांनी थोडा विचार केला, आणि काकांनी विचार केला की पंचाईत होते. "पण वहिनी, हल्ली मशीनलाही मुद्दाम चुकायला शिकवतात म्हणे. एक पुंजका जाळून बघू का?"

काकांना अर्ध्या दारातून बाहेर काढून रुजवात शेवटच्या कोपऱ्यापर्यंत आली. सोफा सरकवला.

"दोन विटकरी," अहो डावीकडून वाचत होते, "एक निळा, एक निळा, पाकळी पांढरी."

नक्कलबाईंचं "हूं" आलं नाही.

"काय गं?"

"इकडे पाकळी नाही."

"मग काय आहे?"

नक्कलबाईंनी बोट उचललं. अहो रांगत आले, चष्मा कपाळावर घेतला, बशीएवढा तो भाग नीट पाहिला, टेपने मोजला आणि अधिकृत आवाजात म्हणाले, "टक्कल."

सगळ्या बिल्डिंगने मिळून गालिचा अस्सल असल्याचं सिद्ध केलं होतं, आणि सिद्ध होता होता तो तिथे संपला होता. आठ दिवसांतला हा सातवा. आता तो परत देता येणार नव्हता, आणि वन्संपुढे पसरताही येणार नव्हता. खोट्या वस्तूंनी भरलेल्या घरात एक खरी वस्तू आली, तर ती सात दिवस टिकली नाही.

"सोफा पुन्हा तिथेच सरकवू," अहो हळूच म्हणाले. "म्हाताऱ्याला काय कळतंय. गुंडाळून देऊ."

"अहो," नक्कलबाई म्हणाल्या. अहोंनी चादर आणली.

गालिचेवाल्याच्या दुकानात नक्कलबाईंनी तो कोपरा स्वतःच वर काढून उलगडला आणि वही उघडून वाचायला सुरुवात केली. तफावत एक, हरणाचं शिंग. तफावत दोन, चौदावं फूल. तफावत तीन, आमचा दोष. जाळला. सगळ्यांनी मिळून. किंमत पूर्ण देते, पण आधी एक सांगा, पहिल्या दोन चुका कुणाच्या?

म्हातारा टकलावरून बोट फिरवत राहिला. रागावला असावा, पण त्याच्या चेहऱ्यावर सुरकुत्याच इतक्या होत्या की राग कुठे बसलाय ते कळेना.

"फूल चुकलं ते विणणारी दमली म्हणून," तो शेवटी म्हणाला. "आणि शिंग, वाचणारा शिंकला असेल."

"वाचणारा?"

"वाचल्याशिवाय कसं विणणार, ताई? जुन्या गालिच्यावरून नकाशा काढतात. एकजण तो मोठ्याने वाचतो. दोन लाल, एक निळा. विणणाऱ्या तशा गाठी मारतात आणि ओरडतात, मारली. की पुढची ओळ. वर्ष वर्ष चालतं ते."

नक्कलबाई उभ्या होत्या त्या एका थप्पीवर बसल्या. न तपासता.

"म्हणजे ही नक्कलच," त्या म्हणाल्या.

"सगळ्याच. हा त्याच्या आधीच्यावरून, तो त्याच्या आधीच्यावरून. पहिला कुणी पाहिलाय?" म्हाताऱ्याने गुडघा चोळला. "तुम्ही काय काम करता?"

नक्कलबाईंनी हातातली वही मिटली. "हेच," त्या म्हणाल्या.

अहोंनी उगाचच टेप ओढून पुन्हा गुंडाळली.

म्हाताऱ्याने थप्पीमागून लोकरीचे पाच रंग काढून कागदात बांधले, एक गाठ उसवून दाखवली, पुन्हा मारून दाखवली आणि नक्कलबाईंकडून चाळीस वेळा मारून घेतली. एकेचाळिसाव्या वेळी म्हणाला, "हं. आता घरी जा. पण बसत जा त्याच्यावर."

पुढच्या पाच संध्याकाळी दिवा लागायच्या आत शिवणमावशी वाकडी सुई घेऊन येत, टाचण्यांआडून "घट्ट ओढ, सैल नको" एवढं बोलत आणि काकांना दाराशीच थोपवत. अहो डावीकडची पाकळी वाचत, नक्कलबाई उजवीकडे गाठी मारत.

"दोन विटकरी."

"हूं."

"एक निळा."

"हूं."

"पांढरा. अगं, जरा थांब, शिंक येतेय."

"मग आधी शिंका. शिंग नको जायला."

पंधराव्या दिवशी वन्सं आल्या. दार अर्धंच उघडलं. वन्सं अंगाने भरलेल्या. त्या तीन हप्त्यांत आत आल्या, आणि पुरत्या आत आल्यावर बघतात तर आपण गालिच्यावर उभ्या. त्यांनी गडबडीने पाय मागे घेतला. मागे दार होतं.

"राहू द्या, वन्सं," नक्कलबाई म्हणाल्या. "चालतं त्याच्यावर."

वन्सं खाली बसल्या. सवयीने त्यांचं नख पुढे झालं, टक् टक् करायला. पण गालिच्यावर नखाचा आवाज होत नाही. नख तसंच रुतलं, मग बोट, मग सगळा तळवा. त्या हात फिरवत फिरवत हरणांपर्यंत गेल्या, वेलीवरून कोपऱ्यात आल्या आणि थांबल्या. या खेपेला त्या कोपऱ्यावर सोफा नव्हता. नक्कलबाईंनी ठेवू दिला नव्हता.

"बाकीचं मला कळत नाही," वन्सं म्हणाल्या, "पण ही पाकळी बघ. ही एकेक गाठ मन लावून मारलीय कुणीतरी. हे अस्सल."

अहोंनी छताकडे बघितलं. नक्कलबाईंना गप्प बसता आलं असतं. पंधरा दिवस त्या ज्याच्यासाठी वणवण फिरल्या ते वन्संनी आपण होऊन, तोंडाने म्हटलं होतं. पण ज्या बाईने झेरॉक्सवर विश्वास ठेवला नाही ती यावर कशी गप्प बसणार?

"ती मी मारलीय, वन्सं," त्या म्हणाल्या, आणि मग सगळंच सांगितलं. पुंजके, रांग, शिंग, टक्कल.

वन्सं हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पाकळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं आणि भावाला म्हणाल्या, "जा रे, खालून साखर घेऊन ये. हिच्या चहात कधी नसते."

अहो आडवे होऊन गेल्यावर वन्संनी पर्स उघडली. आत कागदाची घडी होती, घडीत लाल धाग्यांचा एक पुंजका.

"आमच्या हॉलमधल्याचा," त्या म्हणाल्या. "हे गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आणला. अस्सल आहे म्हणाले होते. तेवीस वर्षं मी तेच सांगते सगळ्यांना. कुणी विचारलं नाही, मीही कधी उलटा करून बघितला नाही. मागच्या आठवड्यात तुमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी फोनवर हे जाळून बघायचं सांगितलं." त्यांनी घडी पुढे केली. "मला वास येत नाही. तू बघ. आणि जे असेल ते सांग. तू खोटं सांगणार नाहीस म्हणून तुझ्याकडे आणलं."

नक्कलबाई बशी घेऊन खिडकीशी गेल्या, वन्संकडे पाठ करून. काडी लावली. पुंजका आखडला, गोळा झाला, बशीत त्याचा काळा चकचकीत मणी झाला आणि बादली जळल्याचा वास खोलीभर पसरला. सोफ्याचा आला होता तोच, अगदी तोच. रुजवात घ्यायची गरजच नव्हती.

त्यांनी मागे वळून पाहिलं. वन्सं गालिच्यावर मांडी घालून बसल्या होत्या. इतक्या वर्षांत नक्कलबाईंनी त्यांना खुर्चीच्या खाली कधी पाहिलं नव्हतं. खालून वर बघणाऱ्या वन्संचं ते मुरडणारं नाक अगदी लहान मुलीसारखं दिसत होतं.

नक्कलबाईंनी अंगठा त्या मण्यावर दाबला. मणी अजून गरम होता. शिक्क्याच्या हाताचाच अंगठा.

"केसांचा वास आहे, वन्सं," त्या म्हणाल्या. "राखच झाली. चुरली बघा." आणि चिमूट दुरूनच चोळून दाखवली.

"नक्की?"

"सव्वीस वर्षांत माझ्या हातून खोटं गेलेलं नाही."

वन्संनी श्वास सोडला. पदर सारखा केला, पर्स मिटली आणि नाक पूर्ववत झालं. "मला माहीतच होतं," त्या म्हणाल्या. "ह्यांना चांगली पारख होती. पण आता वाटतं, बसावं त्याच्यावर. उगीच भिंतीला धरून चालायचं."

तेवढ्यात साखरेचा पुडा पुढे आणि अहो मागे, असे दोघे अर्ध्या दारातून आत आले. आत येता येता अहोंनी हवा हुंगली.

"अगं, बादली जळली का कु..."

"केस," नक्कलबाई म्हणाल्या.

अहोंनी बायकोकडे पाहिलं. मग बहिणीकडे. मग बायकोने पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवलेल्या अंगठ्याकडे. गालिच्यावर पालथं पडून इतके दिवस अहोच वाचत आले होते आणि बायको बोट ठेवत आली होती. या खेपेला वाचलं होतं तिने.

त्यांनी साखरेचा पुडा टेबलावर ठेवला.

"हूं," ते म्हणाले.